पहिली बॅच बिघडली की गिऱ्हाईक गेलं : ॲडलेडच्या गॅरेजमधली २३ लिटर बिअर



मागच्या महिन्यात एका मुलाचा मेसेज आला. वय सव्वीस, नोकरी सोडलेली, वडील चार लाख द्यायला तयार. आयडिया अशी की बाहेरच्या देशांत घरी बिअर बनवायचं किट मिळतं. डबा उघडा, पाण्यात मिसळा, यीस्ट टाका, महिन्याभरात बिअर तयार. ही किटं मागवायची आणि इकडे ऑनलाइन विकायची. "ताई, कॉम्पिटिशनच नाहीये," असं त्याने तीनदा लिहिलं होतं.

कॉम्पिटिशन का नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा त्यात गुन्हा आहे. बिअरही त्यात आली. "विकत नाही हो, घरच्यापुरती बनवतो" ही सवलत महाराष्ट्रात नाही. आता ज्या वस्तूचा गिऱ्हाइकाला एकच उपयोग आहे आणि तोच बेकायदा आहे, ती वस्तू विकणं हा धंदा नाही. चार लाख वडिलांच्या एफडीतच राहू देत, असं मी त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं. तो जरा नाराज झाला.

पण फोन ठेवल्यावर वाटलं, आयडिया चुकली तरी उदाहरण सोन्यासारखं आहे. किट विकणं म्हणजे नेमकं काय विकणं, हे मला कळलं ते याच बिअर किटमुळे. सांगलीतल्या माझ्या दुकानात नव्हे, ऑस्ट्रेलियात, माझ्या भावाच्या गॅरेजमध्ये. तिथे घरी स्वतःपुरती बिअर बनवायला बंदी नाही, विकायला मात्र आहे. तेव्हा पुढचं सगळं तिथलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा. इथे करून बघू नका.

आधी माझं दुखणं

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना माझी 'घरचा पाव' पेटी आठवत असेल. माझं केकच्या साहित्याचं दुकान. लॉकडाऊननंतर सगळ्यांना घरी ब्रेड करायचा होता. मी मैदा, यीस्टची पुडी, ब्रेड इम्प्रूव्हर, एक साचा आणि सूचनांचा कागद असं एका सुंदर पेटीत घालून विकायला काढलं. पेटीच्या छपाईवर भरपूर खर्च केला. पहिल्या दोन महिन्यांत १८० पेट्या गेल्या. मी व्हिडिओही केला होता त्यावर, "हातोहात खपलेलं प्रॉडक्ट" म्हणून. तो व्हिडिओ मी नंतर काढून टाकला, कारण त्या १८० जणांपैकी रिफिल पाकीट न्यायला आले सहा. सहा! माझ्याकडे यीस्टच्या पुड्या पडून राहिल्या, मे महिन्यातल्या उन्हाळ्यात माळ्यावर.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की ट्रेंड संपला, लोकांना आता वेळ नाही. स्वतःची चूक सोडून सगळी कारणं माझ्याकडे होती.

दादाच्या बिअरला दवाखान्याचा वास

त्यानंतर दोन वर्षांनी जूनमध्ये दोन महिने दादा-वहिनीकडे ॲडलेडला गेले. दादाला मित्रांनी वाढदिवसाला बिअर किट दिलं होतं. ॲडलेड हे या बाबतीत खास गाव. कूपर्स ही तिथलीच कंपनी, १८६२ सालची, थॉमस कूपर नावाच्या माणसाने सुरू केलेली, आजही त्याच घराण्याच्या हातात. त्यांची बिअर तर आहेच, पण घरगुती बिअरचे डबे बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत त्यांचं नाव येतं. गंमत बघा, बिअर विकणारी कंपनी लोकांना 'घरी बनवा' म्हणून डबाही विकते!

डब्यात काय असतं? बार्लीला मोड आणून वाळवली की तिचं माल्ट होतं. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की त्यातली साखर पाण्यात उतरते. त्यात हॉप्सची फुलं उकळून कडवटपणा आणायचा, मग ते पाणी आटवायचं. उरतो तो काळपट, चिकट, घट्ट पाक. आपल्या गुऱ्हाळावरची काकवीच जणू. १.७ किलोचा डबा आणि झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी. हा पाक आणि किलोभर साखर गरम पाण्यात विरघळवायची, गार पाणी घालून २३ लिटर करायचं, यीस्ट टाकून झाकण लावायचं. सगळी किचकट कामं कंपनीने आधीच केलेली. माझ्या दुकानातलं केक प्रीमिक्स आणि हे, दोन्ही एकाच जातीचे.

दादाने पहिली बॅच फेब्रुवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात केली होती. मी गेले तेव्हा पंचवीसेक बाटल्या तशाच पडून. मी फारशी पीत नाही, पण नाकाने कामाची आहे. एक बाटली उघडली आणि थेट दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत गेल्यासारखं झालं. दादा म्हणाला, "किटच बोगस आहे. विकून टाकतो सगळं सामान."

हे वाक्य ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्या पावाच्या पेट्या आल्या.

तीन प्रश्न

मीच हट्टाने त्याला होम ब्रूच्या दुकानात घेऊन गेले. वहिनी म्हणाली, आता हा नाद बंद होईल असं वाटत होतं, तू आणखी तेल ओत. छोटंसं दुकान, गल्ल्यावर साठीचे गृहस्थ. दादाने बाटली पुढे ठेवली. त्यांनी एक घोट घेतला, थुंकला, आणि तीन प्रश्न विचारले. पिंप कशाने धुतलं? कुठे ठेवलं होतं? बाटलीत कोणत्या दिवशी भरलं?

उत्तरं अशी होती. घरातलं ब्लीच वापरलं, मग नळाखाली जरा खळबळून घेतलं. गॅरेजमध्ये ठेवलं. आणि रविवारी भरलं, कारण सुट्टी होती.

निदान पाच मिनिटांत झालं. ब्लीचमधलं क्लोरीन राहून गेलं की बिअरमधल्या फिनॉलशी त्याची क्रिया होते आणि जे तयार होतं त्याला औषधाचा, चिकटपट्टीचा वास येतो. अगदी थोडं असलं तरी नाकाला कळतं. ती बॅच वाचत नाही, ओतून द्या म्हणाले.

आता धंद्याच्या नजरेने पुढचं बघा. गिऱ्हाईक दारात उभं आहे, हळहळलंय, महागडं सामान विकायची नामी संधी. गृहस्थांनी विकलं काय? धुतल्यावर पुन्हा पाण्याने खळबळावं लागत नाही असं सॅनिटायझर, पिंपाला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी आणि एक नवा डबा. डबा घेतानाही मागचा जुना ठेवून पुढची तारीख असलेला हातात दिला. पाक जुना झाला की काळा पडतो आणि झाकणाखालचं यीस्टही म्हातारं होतं. सगळं मिळून पन्नासेक डॉलर असतील. दादा नंतर वर्षभर तिथेच जातोय.

बीबीएला आम्हाला रेझर आणि ब्लेडचं मॉडेल शिकवलं होतं. रेझर एकदा विकला जातो, ब्लेड जन्मभर. होम ब्रू तसंच आहे. पिंप, नळ, बाटल्या, हायड्रोमीटर ही एकदाची खरेदी. डबा, साखर, यीस्ट, सॅनिटायझर दर महिन्या-दीड महिन्याला. पुस्तकात एक गोष्ट मात्र नव्हती. रेझरने पहिल्याच दिवशी गाल कापला तर माणूस ब्लेड घ्यायला येत नाही. किटमध्ये सगळी कमाई दुसऱ्या बॅचपासून सुरू होते, आणि दुसरी बॅच होणार की नाही हे पहिलीच्या चवीवर ठरतं.

आकडा हवा, अंदाज नको

दुसरी बॅच आम्ही दोघांनी केली. जूनमध्ये तिथे थंडी, गॅरेजमध्ये रात्री आठ-नऊ डिग्री. यीस्टला हवं १८ ते २० च्या आसपास. फार गार झालं तर ते झोपतं, फार गरम झालं तर काम भराभर करतं पण चव भरकटते. आम्ही पिंप आत आणलं, कपडे धुवायच्या खोलीत, आणि आईने थंडीत विरजणाला गुंडाळावं तशी त्याला जुनी रजई गुंडाळली. पट्टीवर १९.

खरी मजा हायड्रोमीटरची. काचेची नळी, द्रवात तरंगते. साखर जास्त तर वर तरंगते, साखर संपत जाते तशी खाली जाते. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. आमचा पहिल्या दिवशीचा आकडा १.०४१. पाचव्या दिवशी झाकणावरचे बुडबुडे जवळपास थांबले. शनिवारी दादाचे मित्र येणार होते, त्यांच्यासमोर बाटल्या भरायचं त्याच्या मनात. मी म्हटलं, आधी नळी बघ. १.०१६.

म्हणजे साखर अजून शिल्लक. अशात बाटली बंद केली तर यीस्ट आतल्या आत खात राहतं, गॅस वाढत राहतो आणि काचेची बाटली असेल तर फुटते. नुसती फसफसून सांडत नाही, काचा उडतात. यावर आमचं चांगलं वाजलं. "तू बिअर पीत नाहीस आणि मला शिकवतेस?" वगैरे. मी म्हटलं, पीत नाही म्हणूनच मला घाई नाही.

शनिवारी मित्र आले, त्यांना विकतची बिअर पाजली. नवव्या दिवशी आकडा १.००९. दहाव्या दिवशी तोच, अकराव्या दिवशी तोच. आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, की झालं. बुडबुड्यांवर भरवसा ठेवायचा नाही, कॅलेंडरवर तर नाहीच. १.०४१ मधून १.००९ वजा करा, १३१ ने गुणा, साधारण ४.२ येतं. तेवढं टक्के अल्कोहोल. मग बाटलीत लिटरला ८ ग्रॅम या हिशेबाने साखर घालून झाकणं लावली. ही थोडीशी साखर खाऊन यीस्ट बिअरमध्ये फेस आणतं. बाटल्या प्लॅस्टिकच्या होत्या. दाबून बघायचं, टणक झाली की गॅस धरला. दोन आठवडे तशाच उबेत ठेवल्या.

या दोन आठवड्यांत मी माझ्या पावाच्या पेटीतला सूचनांचा कागद फोनवर काढून वाचला. "यीस्ट कोमट पाण्यात घाला." कोमट म्हणजे किती? माझं कोमट आणि मिरजेतल्या काकूंचं कोमट एकच कसं असेल? उकळतं पाणी थोडं निववून घातलं असेल तर यीस्ट तिथेच मेलं. "पीठ दुप्पट होईपर्यंत ठेवा." जानेवारीत की एप्रिलमध्ये? आणि माळ्यावरच्या उन्हात भाजलेल्या त्या पुड्यांत मुळात जीव तरी होता का? १८० जणांनी दगडासारखा पाव केला, 'आपल्याला जमत नाही' म्हणून स्वतःलाच दोष दिला, आणि गप्प बसले. तक्रारही केली नाही. तक्रार आली असती तर बरं झालं असतं.

चाखणं हे काम आहे

बाटली उघडायच्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. गृहस्थांनी चाखायची रीत दाखवली. आधी उजेडात धरून बघा. मग लगेच वास घ्या, कारण वास पहिल्या काही क्षणांतच ठळक असतो. मग घोट, तोंडभर फिरवून. मग थांबा, मागे कडू काय राहतं ते बघा. आणि 'छान' किंवा 'बेकार' हे शब्द बंद. कशासारखं लागतंय ते सांगा.

कारण बिघाडाला नावं आहेत, आणि नावामागे कारण आहे. हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर घाई झाली, बिअर कच्ची आहे. लोण्यासारखा आला तर बहुतेक वेळा यीस्टला शेवटची साफसफाई करू दिली नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा, तर हवा लागली. कुजकट, उग्र वास आला तर ऊन लागलं, हॉप्समधल्या द्रव्यावर उजेड पडला की असं होतं. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. औषधाचा वास तर आमच्या ओळखीचाच होता.

तुमच्या धंद्यात अशी यादी आहे का? गिऱ्हाईक म्हणतं "चकली बिघडली". वातड झाली, तेल प्याली, की हसली? तिन्हींचं कारण वेगळं. मी आता दुकानात केकच्या तक्रारींची अशीच यादी भिंतीवर लावली आहे, आणि गल्ल्यावरच्या मुलीला ती पाठ आहे.

आणखी एक. घरगुती बिअरच्या स्पर्धांत अमेरिकेतली बीजेसीपी नावाची परीक्षक संस्था ५० गुणांचा तक्ता वापरते. त्यात वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकूण प्रभावाला १०. आणि दिसण्याला? ३. पन्नासात फक्त तीन! माझ्या पेटीच्या छपाईचं बिल मला तेव्हा आठवलं. पहिली विक्री दिसण्यावर होते हे मान्य, पण तो तक्ता पाहून पोटात कालवलंच.

तिथे शिकलेली तीन ग्लासांची परीक्षा तर तुम्ही उद्या घरी लोणच्यावर करू शकता. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. माणसाला न सांगता द्यायचं आणि विचारायचं, वेगळा कोणता? कोणता आवडला हे विचारायचंच नाही. आम्ही साधी साखर वापरलेली एका शेजाऱ्याची बिअर आणि आमची माल्टयुक्त साखरेची, अशी सात जणांना दिली. पाच जणांनी बरोबर ओळखली. नुसत्या अंदाजाने तिघांतला एकच बरोबर येतो, म्हणजे फरक बहुधा खरा होता. तुम्ही महागडी मिरची वापरता आणि वीस जणांपैकी सहा-सात जणांनाच फरक कळतो? मग तो पैसा कुठे जातोय ते बघा. यावर वेगळा व्हिडिओ करीन.

आमची बिअर कशी होती, हे राहिलंच. स्वच्छ, सोनेरी, किंचित पावासारखा वास, शेवटी सौम्य कडू. थोडी पातळ. गृहस्थांनी ५० पैकी ३१ दिले आणि दादा पोरासारखा हसला. दुकानातून निघताना त्याच्या हातात दोन डबे होते.

"पण ताई, कायदा बदलला तर?"

हा प्रश्न येणारच. कायदे बदलतात, खरं आहे. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागायचा, तो १९६३ मध्ये रद्द झाला आणि पुढे अगदी औषधांच्या दुकानांच्या साखळीतही किटं मिळू लागली. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून घरी बिअर करणं केंद्राच्या कायद्याने मोकळं झालं. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली.

केन ग्रॉसमन नावाच्या तरुणाने कॅलिफोर्नियातल्या चिको गावात होम ब्रूचं दुकान काढलं ते १९७६ मध्ये, म्हणजे कार्टर यांच्या सहीच्या आधी. "बघा, त्यानेही आधीच उडी मारली" असं म्हणू नका. घरी वाइन करणं तिथे आधीपासून कायदेशीर होतं, तेव्हा पिंप, नळ्या, यीस्ट या मालाला सरळ उपयोग होता. पुढे त्याने जोडीदाराबरोबर दुग्धव्यवसायातली जुनी भांडी जमवून सिएरा नेवाडा ही ब्रुअरी उभी केली, १९८० मध्ये पहिली बिअर काढली, आणि पेल एल मनासारखी जमेपर्यंत बॅचमागून बॅच ओतून दिल्या. विकायला पैसे हवे होते तरी ओतून दिल्या.

आपल्याकडे बिअरच करायची असेल तर परवाना घेऊन. पुण्यात डूलालीने २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू केली ती तशीच. त्याला चार लाख पुरत नाहीत. त्या मुलाला मी विचारलं, तुला बिअर विकायची आहे की किट? तो म्हणाला किट. मग पनीरचं कर, पावाचं कर, इडलीच्या पिठाचं कर. सध्या तो दही आणि चीजच्या कल्चरचा अभ्यास करतोय. पैसे अजून घातलेले नाहीत. मी त्याला आधी वीस अनोळखी माणसांकडून घरी करून घे म्हटलंय, आणि तू फक्त बघत उभा राहा, बोलू नकोस.

माझी पावाची पेटी या वर्षी परत आली. साधा पुठ्ठा, आत स्वस्तातला थर्मामीटर, कागदावर "३८ डिग्री" असं ठसठशीत छापलेलं. यीस्ट फ्रिजमधून काढून विकते, आणि तिसऱ्या दिवशी फोन करते. फक्त ४० पेट्या काढल्या. रिफिलला १७ जण आले. दोघींचा पाव अजूनही दगडच होतोय, त्यातली एक रविवारी दुकानात पीठ घेऊन येणार आहे.

काल रात्री दादाचा फोटो आला. सहावी बॅच, हायड्रोमीटरवर १.०१२. खाली लिहिलंय, "भरू का?"

मी लिहिलं, "उद्या परत बघ."